जावेने काढलेली माझी हनवटी

माझ्या धाकट्या जावेला पिंपल येत नाहीत. दहावीत आले नाहीत, लग्नाआधी आले नाहीत, बाळंतपणानंतरही आले नाहीत. मला पोहता येतं म्हणावं इतक्या सहज ती हे सांगते आणि बशीला लागलेली सुकटीची चटणी बोटाने पुसून खाते. त्या चटणीला मी कित्येक वर्षं हात लावलेला नाही. सुकट उष्ण, बोंबील उष्ण, शेंगदाणे उष्ण, आंबा तर विचारूच नका. वसईजवळच्या जूचंद्र गावात, आगरी घरात राहून सुकट न खाणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. खाली तव्यावर ती भाजली जाते, वास वरच्या खोलीपर्यंत येतो आणि मी दुधीची भाजी घेऊन जेवायला बसते. एवढं करून पिंपल मलाच.

पंधराव्या वर्षी आले तेव्हा सगळे म्हणाले, वयाचे आहेत, जातील. वय गेलं, ते राहिले. आता चाळिशी ओलांडली आहे. कानाजवळचे पांढरे केस आणि हनवटीवरचा पिंपल सकाळी एकाच आरशात दिसतात. मी शाळेत चित्रकला शिकवते. पाचवीतली मुलं खोटं बोलायला अजून शिकलेली नसतात. वहीवर सही घ्यायला आलेलं पोर वर बघतं आणि सांगतं, "मिस, तुम्हाला इथे काहीतरी आलंय." जणू मला ठाऊकच नाही.

उपाय म्हणाल तर कुठला बाकी ठेवला नाही. जायफळ उगाळून झालं, कडुनिंब वाटून झाला, मुलतानी मातीने तर चेहऱ्याचा ओटा करून टाकला. वसईच्या एका डॉक्टरबाईंकडे वर्षानुवर्षं गेले. शेवटच्या खेपेला त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता एकदोन येत-जात राहणारच. एवढ्यात समाधान माना. आणि कृपा करून हात लावू नका." समाधान माना म्हणे. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर एक तीळसुद्धा नव्हता.

माझ्या आईच्या हनवटीवरही दोन काळपट डाग होते, शेवटपर्यंत. पण तिला मी कधी आरशात निरखताना पाहिलं नाही. भांग पाडायचा, कुंकू लावायचं, कामाला लागायचं. हा निरखण्याचा सोस माझा मीच कमावलेला.

लग्नात तर माझी शोभाच झाली होती. आमच्याकडे हळदीला सगळं गाव लोटतं. धवलारीण मांडवात बसून लग्नाची गाणी म्हणत होती आणि बायका मुठीमुठीने माझ्या तोंडाला हळद फासत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हनवटीपासून कानापर्यंत पुरळ. फोटोवाल्याने नंतर त्याच्या कॉम्प्युटरवर माझा चेहरा असा काही गुळगुळीत करून दिला की, अल्बम बघताना नवरा म्हणाला, "ही कोण गं? हिच्याशी लग्न करायला हवं होतं." तो विनोद होता. मी तो अजून विसरलेले नाही.

त्यानंतर बारा वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. तीच धवलारीण, तीच गाणी, त्याच बायका, मुठीही त्याच. नवरी विरारची, बिल्डिंगीत वाढलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर काय यावं, तर तेज. आजही ती तोंड धुते ते मोरीतल्या साबणाने, ज्याने पोरांचे पाय धुतले जातात. मी बाजूला उभी राहून कापसावर थेंब मोजत असते. तिचा दोष नाही, हे मला कळतं. कळून पोटात दुखायचं थांबतं थोडंच?

या घरात एकच जागा अशी होती, जिथे तिचं काही चालत नव्हतं. ती म्हणजे रांगोळी.

आमच्या गावात रांगोळी ठिपक्यांवर थांबत नाही. इथली पोरंपोरी जमिनीवर माणसं काढतात, हातभर चेहरा, डोळ्यांतल्या पाण्यासकट. दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं. पंखे बंद, खिडक्या बंद, कारण एक झुळूक आली तरी गाल उडून नाकावर जातो. बाहेरगावची माणसं रांग लावून बघायला येतात आणि फोटो आहे समजून वाकतात. या गावात माझं नाव होतं ते त्वचेसाठी. माझ्या रांगोळीतल्या बाईच्या गालाला नाव ठेवायला जागा नसायची. पांढरी, पिवळी, नारिंगी आणि कणभर तपकिरी मिसळून मी जो रंग करते त्याला आम्ही स्किन म्हणतो. माझी स्किन मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळलेली असते. बरणीवर चिठ्ठी आहे, कोणी हात लावू नये. स्वतःच्या तोंडावर जे जमलं नाही ते मी जमिनीवर करून दाखवत होते, हे सांगायला कोणा मोठ्या डॉक्टरची गरज नाही.

सासूबाई मात्र दरवर्षी प्रदर्शन बघून एकच वाक्य बोलायच्या. "तुजी सगली मान्सा एकाच आयशीची वाटतान." शेतकरी असो, राणी असो की कोळीण, सगळ्यांचे गाल सारखे. मी म्हणायचे, तुम्हाला कलेतलं काय कळतं. मनात म्हणायचे. तोंडावर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वी जाऊ म्हणाली, "ताई, मला पण शिकवा ना." शिकवलं. नाही कसं म्हणणार? चिमूट कशी धरायची, रंग अंगठ्यावरून कसा सोडायचा, रांगोळीवर आडव्या टाकलेल्या फळीवर कसं बसायचं, सगळं दाखवलं. बरणी तेवढी दाखवली नाही. पहिल्या वर्षी तिने कोंबडा काढला तेव्हा मी मोकळ्या मनाने कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी तिने जाळं विणणारा म्हातारा काढला आणि लोक त्याच्यापुढे थांबले. माझ्यापुढेही थांबले, पण त्याच्यापुढे जरा जास्त. चेहरा तिचा, चवदार सुकट तिची, आता थांबणारी माणसंही तिची. देव द्यायला लागला की एकाच घरात एकाच बाजूला देतो.

या दिवाळीत हॉलमध्ये आम्हाला समोरासमोर चौकोन मिळाले. मी नऊवारीतली नवरी काढायला घेतली. तिने काय काढायचं ते सांगितलं नाही. काम थांबलं की ती चौकोनाच्या कडांना उलटे खोके ठेवून वर चादर टाकायची. "प्रॉमिस करा ताई, बघायचं नाही." मी म्हटलं, मला काय पडलंय. पडलं होतं. इतकं पडलं होतं की माझ्या नवरीचा उजवा गाल मला मनासारखा जमेचना. रांगोळीचं एक आहे, टाकलेला रंग पुरता उचलता येत नाही. चूक झाली की वर टाकायचं, ते चुकलं की त्याच्याही वर. चार वेळा सुधारलेला गाल रंगाला छान दिसतो, पण बाजूने बघितलं की टेकडी झालेली असते. माझी नवरी तिसऱ्या दिवशी दातदुखीने गाल सुजल्यासारखी दिसायला लागली. मी तरी टाकतच होते.

प्रदर्शन उघडायच्या दिवशी दुपारी जावेने चादर काढली. मी मुद्दाम तयार होऊन गेले होते. साडी, गजरा, आणि हनवटीवर नीट थापून लावलेला तो त्वचेच्या रंगाचा लेप, जो मी घराबाहेर पडताना कधी विसरत नाही. हनवटीवर त्या आठवड्यात तीन होते. दोन मावळतीला आलेले आणि ओठाखाली डावीकडे एक ताजा, ठणकणारा.

चौकोनात मी होते. भाकरी थापतानाची मी, दोन्ही हात तांदळाच्या पिठात, मान वर करून कशाला तरी खदखदून हसणारी. आणि हनवटीवर पिंपल. दोन मोठे, एक लहान, बाजूला जुने डाग.

माझा आवाज एकदम चढला. "हे काय काढून ठेवलंयस? अख्खं गाव येणार आहे. आठवडाभर सगळे माझं हे तोंड बघणार?"

तिचा चेहरा उतरला. उतरलेलाही छानच दिसत होता. "फोटोत होते म्हणून काढले, ताई. मला वाटलं…" ती थांबली. "तुमच्या बाकी सगळ्या फोटोंत हनवटीवर हात असतो. ह्या एकाच फोटोत पीठ लागलं होतं म्हणून हात नाहीये. आणि तुम्ही कसल्या भारी हसताय त्यात. म्हणून हा घेतला."

तिने मोबाइल पुढे केला. खरंच तसंच होतं. सगळ्या फोटोंत हनवटीवर हात असतो हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी बघितलंही नव्हतं. आणि ही पोर तीन वर्षं मला शिकवा शिकवा म्हणत माझ्याच घरात बसून ते बघत होती, याचाच मला जास्त राग आला.

ती म्हणाली, "तुम्हाला नको असतील तर बुजवा. चेहरा तुमचा आहे. मला चालेल."

तिला चालणार नव्हतं, दिसत होतं. एकेका पिंपलवर तिची एकेक दुपार गेली होती. पण तिने म्हटलं आणि मी माझी बरणी घेऊन फळीवर बसले. माझ्या हाताला ती कामं पाठ आहेत. मलमलमधून स्किन सोडली, तिन्ही पिंपल गेले, डागही गेले. वीस-पंचवीस वर्षं जे औषधांना जमलं नाही ते पाच मिनिटांत झालं. मी समाधानाने उठले आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जावेने चेहऱ्याचा रंग माझा घेतला होता, गव्हाळ, उन्हात शाळेत जाऊन रापलेला, जाडसर दाण्याचा. त्यावर माझी तीनदा गाळलेली फिकट स्किन बसली होती. हनवटीला चुना लागल्यासारखा पांढरट पट्टा. पिंपल जवळ येऊन बघितल्यावर दिसत होते, हा पट्टा दारातून दिसत होता. हसणाऱ्या बाईची हनवटी दुसऱ्याच कोणाची तरी होती. खरं तर कोणाची ते मी लगेच ओळखलं. माझ्या नवरीची होती, तिच्या आधीच्या राणीची, कोळणीची. माझ्या सगळ्या बायकांची.

सासूबाईंचं वाक्य आठवलं आणि त्यांचाही राग आला.

दार उघडायला तासभर उरला होता. जावेने पत्त्यातल्या पानाची कड घेऊन माझा थर श्वास रोखून जेवढा निघेल तेवढा काढला, वर आपला रंग भुरभुरला. हनवटी पुन्हा गव्हाळ झाली. पण कोरी. हसू तेच, डोळे तेच, तरी कुठेतरी काही खोटं वाटत होतं.

"परत काढ," मी म्हटलं.

"एकेकाला एक दुपार लागली होती, ताई. आता नाही जमणार मला." तिने रंगाची वाटी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही काढा."

मी पुन्हा फळीवर बसले. तिने मोबाइलमधला फोटो धरला, मी नको म्हटलं. मला बघायची गरज नव्हती. जगात कोणत्याही गोष्टीकडे मी इतकं निरखून बघितलेलं नाही, जितकं रोज सकाळी या हनवटीकडे बघितलंय. पिंपल नुसता लाल नसतो. आधी खालच्या बाजूला तपकिरी सावली, अगदी विरळ. मग गेरूत गुलाबी मिसळून मध्ये एक चिमूट, कड कुठे संपते ते कळता कामा नये. आणि शेवटी खसखशीएवढा पांढरा कण, बरोबर मध्यावर नाही, किंचित वर, जिकडून उजेड येतो तिकडे. मावळणारे दोघे जांभळट. आणि ओठाखाली डावीकडचा ताजा. तो काढताना माझा स्वतःचा ठणकत होता. चार वेळा सुधारला नाही. एकदाच टाकला आणि हात उचलला.

जाऊ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा कितीतरी भारी आहे हा. मला असा कधीच नाही जमणार." तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्याच घशात बसलेलं आहे. मला फार बरं वाटलं, अगदी खोटं कशाला बोलू.

हे सुख थोडाच वेळ टिकलं. दार उघडलं, माणसं आत आली, आणि माझ्या सुजलेल्या नवरीला ओलांडून सगळी समोरच्या चौकोनाभोवती गोळा झाली. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेली एक बाई वाकली आणि मैत्रिणीला म्हणाली, "हे बघ, हा ओठाखालचा पिंपल बघ. खरा वाटतो गं. काय हात आहे मुलीचा." आणि जावेकडे बघून हसली.

जाऊ लगेच म्हणाली, "तो ताईंनी काढलाय. आणि चेहरा पण ताईंचाच आहे."

बाईने रांगोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझी हनवटी ट्यूबलाइटखाली गुळगुळीत होती. लेप मी महागातला वापरते. "पण ह्यांना तर काहीच नाहीये," ती म्हणाली. मागून आमच्याच आळीतली एक ओळखीची बाई पुटपुटली, पुरेशा मोठ्याने, "जावेने काढलाय ना चेहरा. मग काय, जळून काढले असतील. जावा-जावा म्हटल्यावर आलंच."

जाऊ खाली बघायला लागली. उत्तर तिच्या समोर उभं होतं, साडी नेसून, गजरा माळून. तिने ते दाखवलं नाही. मी लेप लावते हे घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

जळत आले मी. इतकी वर्षं, मनापासून, एक दिवस खाडा न करता. आणि गावात जळकी म्हणून नाव मात्र तिचं होणार होतं. शिवाय माझ्या हातचा सगळ्यात चांगला पिंपल तिच्या खात्यावर जमा होत होता, तोही खोटा म्हणून. दोन्हींपैकी कशाने मी तिथून निघाले ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्हींनी असेल.

हॉलच्या बाहेर पोरांचे हात धुवायचे नळ आहेत. तिथे एक झिजलेला लाल साबण पडला होता, मोरीतला असतो तसाच. मी त्याने हनवटी घासली, दोनदा, पदराने पुसली आणि आत आले. पदराच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. माणसांनी वाट दिली. मी रांगोळीच्या कडेला, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभी राहिले आणि हनवटी वर केली. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून मागे बांधले.

"हा ओठाखालचा," मी त्या बाईला म्हटलं. "आणि हे दोन जांभळे. जुळवून बघा. तिने जसे होते तसे काढले होते. मी बुजवले, आणि मग पुन्हा मीच काढले."

कॉम्प्लेक्समधली बाई खरंच जुळवायला लागली. एकदा वर, एकदा खाली. "पांढरा ठिपका पण तिथेच आहे," ती मैत्रिणीला म्हणाली. आळीतली बाई पुढच्या रांगोळीकडे सरकली.

सासूबाई काठी टेकत आल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. त्यांनी रांगोळी बघितली, नेहमीसारखी सावकाश. मग माझं ओलं तोंड बघितलं. वरची ट्यूबलाइट डोळ्यांवर येत होती म्हणून हाताचा आडोसा केला आणि पुन्हा बघितलं.

"आता वाटतं," त्या म्हणाल्या, "तुज्या आयशीची पोर."

माझ्या शेजारी उभी राहून जाऊ हसत होती. इतक्या जवळून, त्या कडक उजेडात, तिच्या गालावर एक बारीकसा डागही नव्हता, आणि मला ते नेहमीइतकंच खुपलं.